सेवेचं खातं कोणाकडं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात अकोला इथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शंभर वर्षांच्या सोहळ्यात कीर्तन-प्रवचनाच्या मधातला एक तास माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापकाला दिला, हे मंडळींचं मोठं मन. विषयही जरा वेगळाच दिला. समाजात सेवा वाढावी, स्वयंसेवक तयार व्हावेत, म्हणून राज्य सरकारनं एखादा आयोग नेमावा काय, यावर बोला म्हणाले. पत्रिकेत हे छापून आलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गावच्या एका माळकऱ्यानं मला पारावर गाठलं. म्हणे, "काहून वो सर, सेवेले बी आता सरकारचा शिक्का लागते काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारकऱ्याच्या मनात तो येणारच. आपण शंभर वर्षं पायी जाऊन राह्यलो, कोणत्या सरकारनं आपल्याला चाला म्हटलं नव्हतं. तेव्हा आज मी त्या प्रश्नाचाच माग काढत जाणार आहे. कुठं चुकलो तर हात वर करून थांबवा, कीर्तनात थांबवता येत नाही पण इथं चालतं.

सेवा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला मी उभा नाही. आपली दिंडी निघाली तेव्हा आपला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. रस्ते मातीचे, सामान बैलगाडीत, पैनगंगेला नाही तर गोदावरीला पाणी आलं की काठावर बसून उतार पडायची वाट पाहायची. तेव्हापासून आजपर्यंत दिंडीत काय चालतं, ते जरा बाहेरच्या माणसाच्या नजरेनं पाहा. दोघंतिघं पुढं निघून मुक्कामाची जागा पाहतात. कोणी पाण्याचं पाहते, कोणी सरपणाचं, आता गॅसच्या शेगडीचं. पहाटे तीनला चूल पेटते. एखाद्या म्हातारीचा पाय सुजला तर तिची पिशवी आपोआप दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो. यात कोणाला पगार नाही, नेमणुकीचं पत्र नाही, रजेचा अर्ज नाही. आणि तरी महिनाभराहून जास्त दिवस शेदोनशे माणसांचा संसार रस्त्यावर चालतो.

हे भक्तीनं चालतं, हे खरंच आहे. पण नुसत्या भक्तीनं चालतं असं मी म्हणणार नाही, कारण मी दिंडीच्या जुन्या वह्या पाहिल्या आहेत. कोणी किती पायल्या ज्वारी दिली, कंदिलाच्या तेलाला काय लागलं, गाडीचा आख मोडला तो दुरुस्त करायला किती गेले, सगळं लिहून ठेवलेलं आहे. कामं वाटलेली आहेत, आणि परत आल्यावर हिशोब मंडळींसमोर वाचला जातो. भिशीचे चार रुपये जास्त का घेतले, म्हणून देवळात बसून भांडलेलीही माणसं आहेत. ते भांडण मला फार मोलाचं वाटतं. जिथं हिशोबावर भांडता येतं तिथं माणूस पुढच्या वर्षी परत येतो.

आता आपल्या मातीतल्या सगळ्यात मोठ्या स्वयंसेवकाकडं येतो. गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. पण त्यांचं लहानपण गेलं आपल्याच जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाच्या घरी. गुरं राखली, शेती केली, आणि 1905 साली घर सोडलं. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते, तुमच्यापैकी अर्धे लोक जाऊन आले असतील. तेव्हा तिथला काठ निव्वळ चिखलाचा होता. म्हातारे लोक, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया घसरून पडायच्या. बाबा काय करायचे? फावडं घेऊन काठ सारखा करायचे आणि पाण्यातून वर येणाऱ्याला हात द्यायचे. पुढं तिथं पक्का घाट झाला. कुठल्याही गावात शिरले की आधी खराटा, मग कीर्तन, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

पण बाबांची दुसरी बाजू कीर्तनात फारशी सांगितली जात नाही, ती मी सांगतो. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, लिहिणं-वाचणं नाही, असा हा माणूस. त्यानं पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, मराठा धर्मशाळा बांधली, नाशिक, देहू, आळंदीला बांधल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण काढलं. आणि यातलं काहीही आपल्या नावावर, आपल्या घरच्यांच्या ताब्यात ठेवलं नाही. विश्वस्त नेमले, कागद केले, कारभार त्यांच्या हाती दिला. 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. 1952 साली मिशन काढलं, म्हणजे आपण गेल्यावर हे कोण पाहील याचा बंदोबस्त जिवंतपणी केला. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले. सत्तरीच्या घरात वर्षं होत आली, धर्मशाळा उभ्या आहेत.

म्हणजे त्या माळकरी भाऊला माझं पहिलं उत्तर हे, की सेवेला शिक्का नको असेल, पण सेवेला वही लागते. अंगात कळ असणारा एक माणूस काठ सारखा करू शकतो. घाट टिकवायला मंडळ लागतं. तुकडोजी महाराजांनीही तेच केलं. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि गावोगाव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा काढल्या. सकाळी ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि मधल्या वेळात गावातली नाली, रस्ता, विहीर. भजन म्हणणाऱ्याच्या हातात त्यांनी टोपलं दिलं. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी मौन उभी राहतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तिथं शिट्टी वाजवावी लागत नाही.

आणि शेगाव तर आपल्या उंबरठ्यावर. संस्थानात पांढऱ्या कपड्यातले सेवाधारी, आपल्याला 'माउली' म्हणून हाक मारणारे, हे शेतकरी आहेत, मास्तर आहेत, दुकानदार आहेत. आपली पाळी आली की घर सोडून येतात, ठरलेले दिवस झाडलोट, पंगत, रांग सांभाळतात आणि प्रसाद घेऊन परत जातात. वेतन नाही. सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक वाट पाहत थांबतात. शिवशंकरभाऊ पाटलांनी ही घडी बसवली, ते 2021 च्या ऑगस्टमध्ये गेले, घडी मोडली नाही.

इतकं सगळं आपल्याकडं आहे, तर मग सरकारचा आयोग पाहिजे कशाला? आता मी तुम्हाला मोर्णेच्या काठावर नेतो.

अकोलेकरांना मोर्णा काय आहे ते सांगायला नको. एकेकाळी बारमाही वाहणारी नदी, नंतर पावसाळ्यापुरती उरली, आणि बाकीचे दिवस जलकुंभी आणि डास. 2018 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, 13 तारखेला, जिल्हा प्रशासनाच्या पुढाकारानं शहर नदीत उतरलं. चार किलोमीटरचा पट्टा, चौदा जागा, दोन्ही काठ. सहा हजारांहून जास्त माणसं, शंभराहून जास्त संस्था, कॉलेजची पोरं, म्हातारे, बाया. मग 20 तारखेला पुन्हा. दर शनिवारी सकाळी जायचं ठरलं. महिनाअखेर पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अकोल्याचं नाव घेतलं. त्या दिवसांत कमरेइतक्या घाणीत उभं राहून जलकुंभी ओढणारी बँकेतली माणसं, डॉक्टर, वकील मी स्वतः पाहिले. ती सेवा खोटी नव्हती. कोणी फोटोपुरती आली असतील, पण सहा हजार माणसं फोटोपुरती येत नाहीत.

आणि आज? पुलावरून जाताना खाली पाहा. जलकुंभी पुन्हा आली.

लोक कमी पडले, असं मी म्हणत नाही. जलकुंभी ही अशी वनस्पती आहे की शहराचं सांडपाणी नदीत येत राहिलं, की तिला खत मिळत राहतं. वरून कितीही उपटा, ती पुन्हा येणार. सांडपाणी थांबवणं हे स्वयंसेवकाच्या हातात नाही, ते नळ्यांचं, पैशाचं, महापालिकेचं आणि सरकारचं काम. दुसरं म्हणजे आपल्याकडं मोहीम साहेबाच्या पायानं येते आणि साहेबाच्या बदलीनं जाते. त्या सहा हजार माणसांची यादी कोणाकडं आहे? कोणाला पोहता येत होतं, कोणाकडं ट्रॅक्टर होता, कोणत्या कॉलेजची किती पोरं होती? कोणत्या शनिवारी किती आले, कधी कमी व्हायला लागले, का झाले? ही वही कोणत्या टेबलाच्या खणात आहे, मला सापडली नाही. आपल्या दिंडीची बैलगाडीच्या आखाची नोंद सापडते, आणि एका नदीची सापडत नाही.

आता याच्या उलट एक गोष्ट याच शहरातली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी कावडीनं येतं. 1944 च्या दुष्काळात हे सुरू झालं असं जुनी माणसं सांगतात. तेव्हापासून रात्रभर पायी, खांद्यावर भरणे घेऊन, वाटेत चहा-फराळाचे मांडव, सगळं मंडळांचं. कोणत्याही साहेबाच्या बदलीनं ती कावड थांबली नाही. मग मोर्णेची सेवा का थांबते? एक मंडळ आहे म्हणून टिकतं, दुसरीला मालक नाही म्हणून विरतं. एवढाच फरक आहे असं नाही, कावडीत हौस आहे, मान आहे, नदी उपसण्यात घाण आहे. तेही धरून चाला.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. कॉलेजमध्ये राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला ती 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पोरानं दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक शिबिर गावात काढायचं. नोकरीतली काही वर्षं मी ते काम पाहिलं आहे. शहरातली पोरगी पहिल्या दिवशी शाळेच्या फरशीवर झोपायला कुरकुरते आणि सातव्या दिवशी गावच्या आजीच्या गळ्यात पडून रडते, हे दर शिबिरात घडायचं. पण सातव्या दिवशी समारोप. आठव्या दिवशी त्या पोरांनी खणलेल्या शोषखड्ड्यात गाळ साचला तर तो कोणी काढायचा, याचं उत्तर योजनेच्या पुस्तकात नाही. गृहरक्षक दल आहे, ते 1946 पासून. गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली निघालं, त्यानं गावोगाव खरोखर वारं फिरलं, फक्त काही गावं तपासणीची समिती येईपर्यंत चकचकीत राहिली आणि समितीची जीप वळली की उकिरडा परत आपल्या जागी. 2016 ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्या वर्षी तीनच तालुक्यांत झाली, त्यात एक आपला वरूड होता. 2023 ला केंद्रानं तरुणांसाठी 'मेरा युवा भारत' काढलं. आपत्तीच्या वेळेसाठी 'आपदा मित्र' आहेत.

म्हणजे झरे पुष्कळ आहेत. एक शिक्षण खात्याकडं, एक गृह खात्याकडं, एक ग्रामविकासाकडं, एक दिल्लीकडं. एकाला दुसऱ्याची खबर नाही. सेवेचं म्हणून एक घर सरकारात नाही, जिथं जाऊन एखादं गाव विचारू शकेल, की आमच्याकडं दोनशे हात आहेत, पुढच्या महिन्यात मोकळे आहेत, सांगा काय करू.

दुसरीकडं लोकांनी हे घर बांधून पाहिलं आहे. अमेरिकेत 1993 साली कायदा झाला आणि राज्याराज्यांत सेवेचे आयोग नेमले गेले. तिथले आयोग स्वतः काम करत नाहीत. कोणत्या गावात, कोणत्या संस्थेकडं वर्षभरासाठी तरुण पाठवायचे, त्यांच्या जेवणाखाण्याचं काय, हे ठरवतात आणि केंद्राचा पैसा त्याप्रमाणे वाटतात. केरळात 2018 आणि 2019 असे लागोपाठ दोन पूर आले. लोक धावून आले, कोळी आपल्या होड्या घेऊन आले, पण कोणाला कुठं पाठवावं याचा गोंधळ. म्हणून 2020 साली तिथल्या सरकारनं स्वयंसेवकांची नोंदणी असलेलं दल उभं केलं, आणि करोनाच्या टाळेबंदीत घरोघर औषध-धान्य पोचवायला तीच नोंद कामी आली.

हे ऐकून कोणी टाळ्या वाजवायच्या आधी मी आपल्याच देशातली एक जुनी गोष्ट सांगतो. ती मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते.

1952 साली, पहिली पंचवार्षिक योजना सुरू होती, तेव्हा नियोजन मंडळाच्या प्रेरणेनं भारत सेवक समाज स्थापन झाला. अध्यक्ष खुद्द पंडित नेहरू, आणि गुलझारीलाल नंदांचा मोठा हात. कल्पना फार सुंदर होती. पक्ष, जात काही न पाहता लोकांनी देश उभारणीसाठी श्रमदान करावं. बिहारमध्ये कोसी नदीच्या बांधावर या समाजानं माणसं उतरवली. पुढं काय झालं? श्रमदानाबरोबर बांधकामाची कंत्राटं आली. कंत्राटं आली की बिलं आली, बिलं आली की हिशोब अडले. तक्रारी संसदेपर्यंत गेल्या, आणि साठीचं दशक संपता संपता न्यायमूर्ती कपूर यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. जो समाज सेवकांचा म्हणून निघाला, त्याची दप्तरं तपासायची पाळी आली. त्यात प्रामाणिकपणे राबलेली हजारो माणसं असतील. त्यांच्या घामावरही संशयाचा शिंतोडा उडाला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तेव्हा आयोग पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी कोसी आठवावी. आयोगाच्या हातात कामाचा पैसा देऊ नये, एकही कंत्राट त्यानं देऊ नये, घेऊ नये. सिमेंटची एक गोणीही त्याच्या नावावर नको. हे मी पहिलं कलम म्हणून लिहून घ्यायला सांगेन.

आता पैशाचीच दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या घरातली. 2024 ला आषाढीच्या आधी राज्य सरकारनं दिंडीमागे 20 हजार रुपये जाहीर केले. वारकऱ्यांत त्यावर दोन मतं झाली, कोणी घेतले, कोणी हात जोडून नको म्हणाले. आपल्या मंडळीतही रात्रभर बोलणं झालं ते तुम्हाला आठवत असेल. एक जण म्हणाला, "घ्या ना बाप्पा, टँकरचं भाडं निघते." दुसरा म्हणाला, "आज घेतले त पुढच्या वर्षी आपन वाट पाह्यतो, आन् तिसऱ्या वर्षी मांगतो." कोण बरोबर ते मी ठरवत नाही. पण दुसऱ्या माणसाच्या बोलण्यात सेवेचं सगळं शास्त्र आहे. पैसा वाईट नाही. सवय वाईट. सेवेला एकदा बाहेरून पाणी द्यायची सवय लावली की मूळ खाली जात नाही.

याउलट सरकारनं 2023 ला वारकऱ्यांसाठी विठ्ठल-रुक्मिणीच्या नावानं विमा छत्र योजना आणली. वारीच्या 30 दिवसांत कोणी दगावलं तर घरच्यांना 5 लाख, जखमी झालं, अपंगत्व आलं तर मदत. हे मला पटलं. यात दिंडीच्या कारभारात कोणी हात घातला नाही, फक्त पडणाऱ्याच्या खाली हात धरला. एवढंच म्हणेन की 30 दिवसांचा हिशोब देहू-आळंदीचा आहे. आपल्या वऱ्हाडातल्या दिंड्या महिनाभराहून जास्त चालतात, आणि काही पायीच परत येतात. मुंबईत हिशोब करणाऱ्याला वऱ्हाडातून पंढरपूर किती लांब आहे ते कधी लक्षात राहत नाही, ही आपली जुनी तक्रार.

विम्यावर जरा थांबतो. काही वर्षांमागं एका गावात बांधाच्या श्रमदानात एका पोराच्या पायावर टिकास बसलं. मी तिथं होतो. पोरगा भूमिहीन घरचा, एरवी दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारा. त्या दिवशी रोज बुडवून आला होता. पायाला टाके पडले, नंतर जखम चिघळली. तोच पोरगा रोजगार हमीच्या कामावर असता तर कामावर लागलेल्या इजेचा उपचार कायद्यानं मोफत. श्रमदानात होता म्हणून काहीच नाही. गावानं वर्गणी केली, दवाखान्याचं बिल भागलं. पण दोन महिने तो घरी बसला, त्या दोन महिन्यांच्या मजुरीची वर्गणी कोणी केली नाही. आणि तो बांध ज्याच्या शेताला पाणी देणार होता त्याच्याकडं वीस एकर होतं.

या गोष्टीत सेवेचा सगळा गुंता आहे, म्हणून मी ती सांगितली. श्रमदान म्हणताना आपण सगळ्यांना एका मापानं मोजतो. नोकरदाराची रविवारची सकाळ आणि मजुराची रविवारची सकाळ सारखी नसते. नोकरदार सेवा करून घरी गेला की त्याचा पगार सुरूच असतो. मजुरानं सेवा केली की त्या संध्याकाळची चूल सेवेत जाते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 साली केला, 1972 च्या दुष्काळानं तो शिकवला, आणि देशाला नंतर तो उपयोगी पडला. जिथं काम मजुरीचं आहे तिथं मजुरी द्यायची. सेवेच्या नावाखाली कोणाची मजुरी मारली गेली, तर ती सेवा राहत नाही, जुन्या काळची वेठ होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी वेठ भरली आहे, तिचं नाव बदलून ती परत दारात यायला नको.

तसंच झाडण्याचं. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो यासाठी, की झाडणं हे एका जातीचं काम नाही हे लोकांना दिसावं. आज एखाद्या शहरात सफाई कामगाराच्या जागा भरायच्या नाहीत आणि शनिवारी स्वयंसेवक बोलवायचे, असं कोणी करू लागलं, तर तो बाबांचा खराटा नव्हे. वारीतली निर्मल वारी मला त्यासाठी आवडते. 2015 पासून पालखीच्या मुक्कामांवर सरकार फिरती शौचालयं आणि टँकर देतं, मैला नेणाऱ्या गाड्या देतं, आणि पहाटे काळोखात उभं राहून 'माउली, इकडं या' म्हणायचं काम स्वयंसेवक करतात. यंत्र, पाणी, पगारी माणूस हे सरकारचं. समजूत, आर्जव, दोन गोड शब्द हे सेवेचं. सरकारी नोकराला पहाटे चारला शंभर माणसांना हात जोडायला सांगून पाहा, आणि स्वयंसेवकाला मैल्याची गाडी विकत घ्यायला सांगून पाहा, दोन्ही जमणार नाही. वाटणी अशीच हवी.

मग त्या आयोगाकडं काय द्यावं? माझ्या मतानं फार थोडं. एक तर नोंद. जिल्ह्यागणिक कोण, कुठं, कोणतं काम जाणतं याची वही, आणि साहेब बदलला तरी ती वही हलणार नाही असा कायदा. काटेपूर्णेला पूर आला तर कोणत्या गावात पोहणारे किती, हे कलेक्टर कचेरीला फोन न फिरवता कळलं पाहिजे. सेवेत इजा झालेल्याचा उपचार आणि बुडालेल्या रोजाची भरपाई, यावर मी अडून बसेन, बाकी एखादं कलम गेलं तरी चालेल. शिकवणं आलं. सापाचं विष, विजेचा धक्का, पाण्यात पडलेला माणूस, यात नुसत्या चांगल्या मनानं भागत नाही, चांगल्या मनाचा माणूस बुडणाऱ्याला काढायला जातो आणि दोघं जातात. अवजारं तालुक्याला ठेवावीत, मागेल त्या गावाला द्यावीत, परत घ्यावीत.

प्रमाणपत्रं मात्र वाटू नयेत. हे मी कॉलेजात राहून सांगतोय. प्रमाणपत्रासाठी येणारा पोरगा टोपली उचलण्याआधी सही कुठं करायची ते विचारतो. शाळेतल्या लेकरांना उन्हात रांगेत उभं करून त्याला स्वयंसेवा म्हणू नये, स्वतःहून आला तो स्वयंसेवक.

आणि त्या आयोगावर माणसं कोण? निवृत्त अधिकारी आणि हरलेले पुढारी यांची सोय लावायला खुर्च्या काढायच्या असतील, तर मग तो नकोच, आपण आहो तसे बरे आहो. बचत गटातली बाई असावी, सफाई कामगार असावा, सेवा योजनेतला विद्यार्थी असावा, सेवा मंडळाचा माणूस असावा, आणि हो, एखादा दिंडीचा चोपदार असावा. शेदोनशे माणसं काठी न उगारता रांगेत कशी चालवायची हे राज्यात दुसरं कोणाला ठाऊक आहे? बायांचं मी मुद्दाम म्हणतो. दिंडीत अर्ध्याहून जास्त बाया, स्वैपाक त्यांचा, आणि हिशोबाच्या बैठकीला पुरुष बसतात. घरात करते ते तिचं काम आणि बाहेर पुरुषानं केली ती सेवा, हे माप आपल्याच दिंडीपासून बदलायला हरकत नाही. (इथं मायबहिणींनी टाळ्या वाजवल्या, पुरुष मंडळी जरा गप्प होती.)

आयोग कधी होईल, होईल की नाही, मला माहीत नाही. कायदा मुंबईत होतो, नागपूरच्या अधिवेशनात आपल्याला ऐकू तरी येतो. पण त्यातलं एक काम आपल्याला कोणाची वाट न पाहता करता येतं, म्हणून एक कोरी वही मी सोबत आणली आहे. दिंडीत अकोला, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर इकडची गावं आहेत. प्रत्येक गावानं आपल्या गावात पोहणारा कोण, मोटार चालवणारा कोण, सुईण कोण, रक्त द्यायला तयार कोण, रात्री-बेरात्री हाक मारली तर उठणारा कोण, एवढं लिहून कार्तिकीच्या आधी चोपदारांकडं द्यावं. ज्याचं हातावर पोट आहे त्याच्या नावापुढं तसं लिहावं, म्हणजे त्याला बोलावताना रोजाची सोय आधी करता येईल. वही बाहेर मांडवाच्या खांबाजवळ टेबलावर ठेवली आहे, पेन दोरीनं बांधलेला आहे. जेवणाच्या पंगती बसायच्या आधी पहिल्या दोन गावांची नावं आली तर बरं.

रामकृष्ण हरी.